कॅमेऱ्याला कुंकू

म्हैसूर, दुसरा क्रॉस
२५ ऑगस्ट २०१९

चि. जया, अज्जीचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवणाऱ्या मुलीला अज्जीचे आशीर्वाद.

फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. फाडायचं म्हटलं तरी आधी उघडावं लागतं, आणि एकदा उघडलं की तू वाचणार. म्हणून वनजाला बसवून हे लिहून घेते आहे. शेजारच्या वनजानं जन्मभर शाळेत हिंदी शिकवली, त्यामुळे ही अक्षरं तिच्या हाताला येतात. रस्त्यावरची बाकीची आपली माणसं बोलतात मराठी नि लिहितात कानडी. मी काहीच लिहीत नाही, म्हणून माझ्या चुका कुणाला सापडत नाहीत.

तुझ्या बापाला मी पत्र घालत नाही. त्याला काही विचारलं की तो तुझ्या आईला विचारतो, ती तुला विचारते. मधल्या दोघांचा त्रास वाचवला.

वनजाच्या फोनवर तू पाठवलेलं ते चित्र बघितलं. सगळं म्हैसूर रंगवलेलं आणि आपला भाग लाल. "भागीरथक्का, लाल म्हणजे चोऱ्या जास्त," वनजा म्हणाली. मग रंगाऱ्याची नात ना ती, फोन उजेडात धरून निरखून बघितला आणि म्हणाली, "हा लाल काही पक्का नाही. दोन धुण्यांत जाईल."

तू म्हणतेस, पोलिसांत नोंदलेल्या तक्रारी मोजून हा रंग देतात. तसं असेल तर पोरी, त्या लालात थोडी मीही आहे. आषाढात माझ्या गळ्यातला सोन्याचा सर ओढून नेला तेव्हा मीच सिद्दराजूच्या रिक्षात बसून ठाण्यावर गेले. तिथल्या पोलीसबाईनं खुर्ची दिली, कॉफी दिली आणि कागदावर माझा अंगठा घेतला. आता तोच अंगठा चित्रात लाल दिसला म्हणून तू मला न्यायला निघालीस. गप्प बसले असते तर आपला रस्ता हिरवागार दिसला असता.

आणि ते दोघं काय सभ्य होते म्हणून सांगू! तोंडाला फडकं बांधलेलं, मोटारसायकल सुरूच. मी गेटासमोर रांगोळी घालत होते. "अज्जी, डॉक्टरांचं घर कुठलं?" कानडीत इतक्या मर्यादेनं विचारलं की मी पत्ता सांगायला मान वर केली. मान वर केली म्हणून सर हाताला लागला. पत्ता अर्धाच सांगून झाला होता.

दसरा झाला की टेम्पो घेऊन येतेस म्हणे. सामान टेम्पोत, मी पुण्यात तुझ्या अकराव्या मजल्यावर, घर बिल्डरला. खाली वॉचमन असतो, नाव विचारल्याशिवाय कुणाला सोडत नाही. इथे कोपऱ्यावर पुट्टम्मा फुलवाली बसते. तीही नाव विचारते. मग लग्न झालं का, पगार किती, सासू कशी आहे, तेही विचारते. तुझ्या वॉचमनला एवढं येतं का?

माझी काळजी करू नकोस. मी पूर्वीसारखीच आहे. सकाळी रांगोळी, मग कोपऱ्यावर फुलं, मग मारुतीचं देऊळ.

(जया, भागीरथक्का सांगतात तसं लिहिते आहे. खरं-खोटं मला विचारू नये. – वनजा)

मी काही बोलले नसताना ही आत्ता काय लिहीत होती कोण जाणे. वाच म्हटलं तर वाचत नाही.

तुझी,
अज्जी


१४ सप्टेंबर

चि. जया, पार्सल पोचलं.

तुझी अट वनजानं दोनदा वाचून दाखवली. कॅमेरा लावायचा, नवं कुलूप लावायचं, आणि दसऱ्यापर्यंत काही वावगं दिसलं नाही तर तू टेम्पोचा "परत विचार" करणार. टेम्पो रद्द करणार असं नाही, विचार करणार. तू वकील व्हायचीस, उगीच कम्प्युटरात गेलीस.

कॅमेरा गेटाच्या वर छज्ज्याखाली बसवला. बसवणारा म्हणाला, "अज्जी, आता नात पुण्यात बसून तुम्हाला बघेल." मी म्हटलं, इथे राहत होती तेव्हा फोनातच बघायची, आता फोनातच मी आले, बरं झालं. तरी पहिल्या दिवशी वनजानं मला इस्त्रीची साडी नेसायला लावली. दिसली का? निळी.

कुलूप इतकं जड आहे की चोर आलाच तर कुलूपच घेऊन जाईल.

रांगोळी हल्ली गेटाच्या आत घालते. बाहेर पावसानं पुसली जाते. "आत पाऊस पडत नाही काय?" हे वनजानं विचारलं, मी नाही. लिहू नको म्हटलं तरी लिहिते आहे.

बाकी माझं बरं चाललं आहे. पुट्टम्मा फुलं गेटावरून आत देते. तिला काय तेवढ्यासाठी टोपली उचलून यायची गरज? पण येते. सिद्दराजू बाजारात जाताना "अज्जी, भाजी काय आणू" म्हणून हाक मारतो. वनजा संध्याकाळी येऊन बसते, मला ऐकवायला पेपर आणते आणि चोऱ्यांच्या बातम्या गाळून वाचते. तिला वाटतं मला कळत नाही. मधेच श्वास घेते ना, तिथे चोरी असते. सगळे कसे सुम्मने, काही कारण नसल्यासारखे, दारात येतात.

मारुती तेवढा अजून आलेला नाही.

गुडघा दुखतो म्हणून हो. दुसरं काही नाही.

अज्जी


३० सप्टेंबर

चि. जया,

तुझ्या कॅमेऱ्यानं माझी चुगली केली.

काल तुझा निरोप आला. वनजानं आधी मनात वाचला, मग मोठ्यानं. "अज्जी, कॅमेरा लावल्यापासून तू एकदाही गेटाबाहेर पडलेली नाहीस. चोराची वाट बघत बसले होते, तो आला नाही. पण तूही गेली नाहीस. मग म्हैसूरला राहून काय मिळतं? इथे निदान सोसायटीच्या बागेत तरी फिरशील."

वाचून वनजानं फोन पालथा ठेवला. आपली जीभ कधी अडत नाही हे तुला ठाऊक आहे. काल अडली.

गुडघा ठीक आहे. घे, लिहून टाकलं.

मोटारसायकलचा आवाज आला की माझा हात गळ्याकडे जातो. गळ्यात आता काही नाही, तरी जातो. त्यांनी सर नेला आणि माझा हात तिथे ठेवून गेले. सकाळी तांब्या घेऊन, रांगोळीचा डबा घेऊन गेटापर्यंत जाते. कडीला हात लावते. मग वाटतं, आत घातली तर काय बिघडलं, देवी काय आतली बघत नाही?

तुझ्या त्या चित्रात सर किती गेले ते मोजलेलं असेल. अज्ज्या किती आत राहिल्या ते कुणी मोजतं का? विचारून बघ तुझ्या कम्प्युटरला.

पण बागेचं नाव काढू नकोस. बागेत फिरायला माझी ना नाही, मला आधी माझ्या रस्त्यावर परत जायचं आहे. इथून भीती घेऊन निघाले तर ती काय खाली वॉचमनजवळ थांबणार आहे? माझ्याबरोबर लिफ्टमधून वर येईल. मग अकराव्या मजल्यावर आम्ही दोघी, आणि तू ऑफिसात.

दसऱ्यापर्यंत सवड दिली आहेस ना? तेवढी असू दे.

नवरात्र बसलं. बाहुल्या मांडल्या आहेत. तुझी मोडक्या हाताची बाहुली यंदाही वरच्या पायरीवर आहे, वनजा नको म्हणत होती तरी.

अज्जी


१२ ऑक्टोबर

चि. जया,

तू गेलीस आणि घरात एकदम तुझ्या चपलांची जागा रिकामी दिसायला लागली. इथे होतीस तेव्हा आपण दोघी भलतंच बोलत बसलो. मिरवणुकीतला हत्ती, वनजाची पुरणाची होळगी. जे बोलायचं ते राहिलं. अर्धी गोष्ट तू बघितलीस, अर्धी मी. तुझ्याकडे नसलेली अर्धी सांगते.

पुण्यात राहून तू खंडेनवमी विसरलीस. तुझ्या अज्जांच्या पणजोबांची तलवार देवीपुढे ठेवायची, आणि तिच्या शेजारी घरात जे जे राबतं ते सगळं. विळी, खलबत्ता, शिवणयंत्र, तुझ्या अज्जांची सायकल होती तोवर सायकल. गंध, कुंकू, फूल वाहायचं आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्याला एक दिवस विसावा. तुझ्या अज्जांनी त्या दिवशी कधी भाजीसुद्धा चिरू दिली नाही.

यंदा मी म्हटलं, आता या घराचं रक्षण कोण करतं? तलवार तर म्यानातून निघतसुद्धा नाही. रक्षण करतं कुलूप. मग कुलूप आणि किल्ली देवीपुढे. निरोप आणतो फोन, तोही देवीपुढे. वनजानं तिच्या घरी आपला फोन आणि पेन ठेवलं होतं. राहिला कॅमेरा. त्याला खाली कसा आणणार? वनजा स्टुलावर चढली आणि मी खालून सांगत होते, "अजून लाव, अजून." आता त्या यंत्राला सगळं तोंडभर एकच डोळा, कपाळ कुठे शोधायचं? थोडं जास्तच लागलं.

तुला तिकडे सगळं लाल दिसलं. चित्रातला लाल वेगळा, हा वेगळा, पण तुला कसं कळणार? मला फोन केलास, वनजाला केलास, दोघींचे फोन देवापुढे वाजत होते. वाजताना ऐकूही आले असते म्हणा, पण आम्ही घरात नव्हतो.

हीच ती अर्धी गोष्ट.

कॅमेऱ्याचा डोळा झाकला गेला आणि खरं सांगू जया, मला सुटल्यासारखं वाटलं. तुझ्यावर राग नव्हता. पण गेट उघडून दोन पावलं गेले आणि घाबरून परत फिरले, तर ते तू बघणार. तू बघितलंस की टेम्पो पक्का. त्या दुपारी कुणीच बघत नव्हतं. फसले तरी माझं मला.

एवढ्यात सिद्दराजू आला. स्टँडवर सगळ्या रिक्षा केळीचे खुंट बांधून, माळा घालून उभ्या. दरवर्षी कोहळा ओवाळायला रस्त्यातली सगळ्यात म्हातारी बाई लागते. "अज्जी, तुम्ही नाही आलात तर वर्षभर पंक्चर काढत बसू." मी म्हटलं, "मेल्या, हवा भरत जा, मग होणार नाहीत." आणि चप्पल घातली.

गेटाची कडी काढली. बाहेर पाय टाकला. वनजा माझ्या डावीकडे, सिद्दराजू पुढे. पुट्टम्मानं टोपली तशीच टाकली आणि जणू तिलाही तिकडेच काम होतं अशी उजवीकडून चालायला लागली. कुणी हात धरला नाही. धरला असता तर मी तिथूनच फिरले असते. मधे एक मोटारसायकल आली, झेंडूची माळ घालून नटलेली. माझा हात गळ्याकडे गेलाच. पुट्टम्मा रस्त्याच्या बाजूला सरकली आणि सांगत राहिली की तिच्या सुनेला साधा सारू करता येत नाही. बोलणं तिनं तोडलं नाही म्हणून मलाही थांबता आलं नाही.

स्टँडवर पोचले. कोहळा ओवाळला. माझ्या नावानं सगळ्यांनी भोंगे वाजवले, त्याचीच जास्त भीती वाटली.

तू पोलिसांना कळवलंस, ते बरं केलंस. हवालदार आला, दार उघडं, घर रिकामं, म्हणून स्टँडवर चौकशीला आला. आम्ही त्याला चुरमुरे दिले. त्यानं तिथूनच तुला फोन करून सांगितलं, "काही झालं नाही मेडम, आयुधपूजा आहे." दुसरी कुणी शांत झाली असती. तू संध्याकाळच्या बसमध्ये बसलीस! दार उघडं, कॅमेरा आंधळा, फोन देवापुढे, आणि म्हणे काही झालं नाही. आता अज्जीला टेम्पोची वाट न बघता उचलूनच आणायची, असं ठरवून निघालीस. हे तू मला सांगितलं नाहीस. वनजाला सांगितलंस, म्हणजे मलाच सांगितलंस.

आता तू बघितलेली अर्धी, पण माझ्या बाजूनं.

दसऱ्याला मिरवणुकीमुळे रस्ते बंद, रिक्षा नाही. म्हणून मैत्रिणीची स्कूटर घेऊन आलीस, कबूल. पण पुण्याच्या मुलींसारखी ती ओढणी डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळायची काय गरज होती गं? तिकडे ते उन्हासाठी असेल. आपल्या रस्त्यावर आषाढापासून तोंड बांधून गाडीवर येणारं माणूस म्हणजे एकच.

मी आतून ऐकत होते. पुट्टम्मानं टोपली स्कूटरच्या चाकापुढे ठेवली.

"कोण? कुणाकडे?"

"अहो, माझं घर आहे इथे."

"आम्ही कधी बघितलं नाही. अज्जीचं नाव काय?"

"भागीरथीबाई."

"ते गेटावर लिहिलंय. अज्जी कॉफीत काय घालते?"

"साखर!"

"खोटं! गूळ घालते. सिद्दराजू, किल्ली काढ."

त्यानं किल्ली काढून घेतली असणार, कारण तू ओरडलीस. पण तू ओरडलीस पुण्याच्या मराठीत, ओढणीच्या आतून. मला तुझा आवाज कळला नाही, हे आता सांगते.

मी दारात आले तर गेटापुढे तोंड बांधलेलं माणूस, गाडीवर. हात गळ्याकडे. पाय मागे निघाले. तेवढ्यात वनजा ओरडली, "भागीरथक्का, आत जा!"

आणि मला राग आला. आषाढापासून मी दुसरं काय करत होते? आतच होते की!

मी कडी काढली आणि रस्त्यावर आले. सरळ गाडीपुढे. "फडकं सोड," मी म्हटलं. "आधी तोंड दाखव, मग पत्ता विचार. या वेळी पुरा सांगते."

तू ओढणी सोडलीस. "अज्जी," म्हणालीस, "पत्ता मला माहीत आहे." आणि रडायला लागलीस.

मग सगळा रस्ता हसला. पुट्टम्मानं तुला चाफ्याचं फूल दिलं आणि लगेच पगार विचारला. पण माझा गळ्याकडे गेलेला हात तू हातात घेतलास आणि घरात जाईपर्यंत सोडला नाहीस. तेव्हा तू हसत नव्हतीस.

दुपारी तू बन्नीची पानं सोनं म्हणून माझ्या हातात ठेवलीस. गळ्यात घालता येत नाही, ओढूनही नेता येत नाही. असलं सोनं बरं.

जाताना पाया पडलीस. टेम्पोचं काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

अज्जी


३ नोव्हेंबर

चि. जया,

दिवाळीत तुझा निरोप आला. वनजा तो वाचायच्या आधीच हसत होती, म्हणून मला कळलं. "टेम्पो रद्द केला. पुढच्या दसऱ्याला परत बघू."

परत बघू! बघ बाई, बघ. दर दसऱ्याला येऊन बघ. माझी काही हरकत नाही.

मी काल सगळ्यांना गूळ-कॉफी पाजली. पुट्टम्माला सांगितलं की तू तिची आठवण काढलीस. तू काढली नाहीस, पण काढशील. रस्ता काही हिरवा झालेला नाही. परवा मागच्या क्रॉसच्या गल्लीत एका घरातून सिलिंडर गेला, वनजानं श्वास घेतला तेव्हा मी तिला म्हटलं, ते वाच आता, ऐकते. आम्ही रस्त्यावरची माणसं काही देवळातले देव नाही. पण मला गेटाबाहेर कुणी ढकललं नाही, कुणी आत कोंडलं नाही. माझ्या डावी-उजवीकडून सगळे नुसते चालले. हे ऋण मी कुठल्या तोंडानं बोलून दाखवू? बोलले तर पुट्टम्मा म्हणेल, "काय अज्जी, ताप आला काय?"

आणि तुझंही. ती ओढणी, ती बस, तो आरडाओरडा, त्या सगळ्यासकट. या वयात आपल्यावर इतकं रागवायला कुणी असावं, हे सगळ्यांच्या नशिबी नसतं. आता कबूल केलं, पण फोनवर विचारशील तर नाही म्हणेन.

तू लिहिलंस, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात अजून कुंकू दिसतं, वनजामावशीला पुसायला सांग. वनजा स्टूल घेऊन आली होती. मी परत पाठवलं. कोपऱ्यात राहू दे. कुंकवाच्या बाजूनं मी बाहेर पडले आहे.

रांगोळी पुन्हा गेटाबाहेर घालते. ती तुला दिसत असेलच.

उद्या सकाळी मी मारुतीला जाणार. एकटी. वनजाला आणि सिद्दराजूला सांगून झालं. पुट्टम्मानं शपथेवर सांगितलं की मागून येणार नाही, म्हणजे येणार. गेटाबाहेर पडले की वर बघून तुला हात करीन, गळ्याकडे जाणारा तोच हात. बघ किंवा नको बघू. परत यायला उशीर झाला तर हवालदाराला कळवू नकोस, त्याला चुरमुऱ्यांची चटक लागली आहे. कोपऱ्यावर टोपलीशी बोलत बसले असेन.

वनजा म्हणते, आता नाव लिहिते. मी म्हटलं, या वेळी अंगठा देते. शाई नाही म्हणाली, म्हणून कुंकवात बुडवला. ठाण्यावर दिला होता तोच अंगठा. तुझ्या त्या चित्रातल्या लालाशी लावून बघ. वनजाला विचारलं आहे, हा रंग पक्का आहे.

अज्जी